रीमास्टर: आवाजाच्या पाठभेदांचा निवाडा

जुन्या रॉक अल्बमची नवी आवृत्ती बाजारात येते तेव्हा तिच्या वेष्टनावर 'रीमास्टर्ड' हा शब्द ठळकपणे छापलेला असतो. आपल्या ग्रंथव्यवहारातील 'सुधारून वाढविलेली आवृत्ती' या शब्दप्रयोगाशी त्याचे जवळचे नाते आहे. आधीच्या आवृत्तीत काही उणे होते आणि ते आता भरून काढले आहे, असे आश्वासन दोन्हींत असते. ग्रंथाच्या बाबतीत हे आश्वासन तपासून पाहण्याची सवय साहित्याच्या अभ्यासकाला असते. सुधारणा कोणी केली, कोणत्या प्रतीवरून केली, काय गाळले आणि काय घातले, हे तो विचारतो. ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत मात्र आपण बहुधा 'आवाज कसा आहे?' एवढेच विचारतो आणि 'अगदी स्वच्छ' असे उत्तर मिळाले की समाधान मानतो.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. रीमास्टर केलेल्या अल्बमच्या ध्वनीचा दर्जा ठरवणे हा कानाचा प्रश्न आहेच, परंतु त्याआधी तो पाठाचा प्रश्न आहे. आपण कोणता पाठ ऐकत आहोत हे ठाऊक नसेल, तर कान कितीही तयार असला तरी त्याचा निवाडा भलत्याच गोष्टीवर होतो. गेल्या साठ वर्षांतील रॉक संगीताच्या आवृत्त्यांचा इतिहास पाहिला म्हणजे हे ध्यानात येते.

ध्वनिमुद्रण, मिश्रण आणि मास्टरिंग

प्रथम तीन शब्दांची फोड करणे आवश्यक आहे. स्टुडिओत गायक-वादकांचे आवाज चुंबकीय फितीच्या वेगवेगळ्या पट्ट्यांवर, म्हणजे 'ट्रॅक'वर घेतले जातात, ते ध्वनिमुद्रण. या पट्ट्यांचे परस्पर प्रमाण ठरवून त्यांची एक किंवा दोन वाहिन्यांत जुळणी केली जाते, ते मिश्रण म्हणजे 'मिक्स'. एकच वाहिनी असेल तर 'मोनो', दोन असतील तर 'स्टिरिओ'. हे तयार मिश्रण श्रोत्यापर्यंत ज्या वस्तूतून जाणार, तिच्यासाठी त्याला अखेरचा हात फिरवणे म्हणजे मास्टरिंग. रीमास्टरिंगमध्ये मूळ मिश्रण कायम असते, फक्त हा शेवटचा टप्पा पुन्हा केला जातो. रीमिक्समध्ये कारागीर एक पायरी मागे जाऊन सुट्या पट्ट्यांपासून नवी जुळणी करतो. ग्रंथाच्या भाषेत बोलायचे तर पहिल्यात छपाई नवी असते, दुसऱ्यात संपादनच नवे असते. बाजारात हे दोन्ही प्रकार पुष्कळदा एकाच नावाखाली विकले जातात आणि गोंधळाला तेथूनच सुरुवात होते.

मास्टरिंगचा जन्म गरजेतून झाला. लाँगप्ले रेकॉर्डच्या खाचेत खर्जाचे आवाज कोरायचे तर सुईला मोठे हेलकावे घ्यावे लागतात. खाच रुंद होते, त्यामुळे एका बाजूवर मावणारा वेळ कमी होतो, आणि श्रोत्याच्या यंत्राची सुई उडण्याचीही भीती असते. म्हणून कोरताना खर्ज कमी आणि तीव्र स्वर अधिक ठेवायचे आणि वाजवताना त्याच्या उलट करायचे, असा एक प्रमाणित संकेत अमेरिकेत १९५४ साली ठरला. त्याउपरही प्रत्येक रेकॉर्डच्या बाबतीत किती खर्ज ठेवायचा, 'स' आणि 'श'चे उच्चार किती बोथट करायचे, हे कोरणाऱ्या तंत्रज्ञाच्या विवेकावर सोपवलेले असे. त्याचे नाव सहसा कोणाला ठाऊक नसे. मात्र रेकॉर्डच्या मध्यभागी, जेथे खाच संपते तेथे, तो आपली आद्याक्षरे खरवडून ठेवी. पोथीच्या अखेरीस लेखनिक आपले नाव घालतो, तसाच हा प्रकार.

लेड झेपेलिन या ब्रिटिश वाद्यवृंदाचा दुसरा अल्बम १९६९ साली आला. त्याची अमेरिकेतील पहिली आवृत्ती बॉब लडविग या तरुण तंत्रज्ञाने कोरली होती आणि तिच्यात खर्जाला व ताकदीला फारशी कात्री लावलेली नव्हती. लडविग यांनी पुढे मुलाखतींतून सांगितलेली हकीकत अशी की, अ‍ॅटलांटिक कंपनीचे प्रमुख अहमद एर्टेगन यांच्या कन्येच्या साध्या रेकॉर्ड-प्लेयरवर ही रेकॉर्ड उड्या मारू लागली आणि कंपनीने सौम्य आवृत्ती नव्याने कोरून घेतली. त्यानंतर वर्षानुवर्षे लाखो श्रोत्यांनी जो अल्बम ऐकला तो हा सौम्य पाठ. लडविग यांच्या आद्याक्षरांची पहिली आवृत्ती आज संग्राहक मोठी किंमत देऊन घेतात. दोन्ही एकाच वर्षाच्या, एकाच कंपनीच्या आणि एकाच मिश्रणाच्या. मग 'मूळ' कोणती?

'मूळ' नावाची अडचण

'रीमास्टर मुळाशी प्रामाणिक आहे का?' हा प्रश्न सरळ वाटतो. परंतु मूळ एकच असते हे गृहीतच येथे टिकत नाही. बीटल्सच्या १९६७ मधील 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड' या अल्बमचे उदाहरण घ्यावे. त्या काळी ब्रिटनमध्ये बहुसंख्य घरांत मोनो यंत्रे होती. त्यामुळे मोनो मिश्रणावर जॉर्ज मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भरपूर वेळ खर्च केला आणि त्या कामात बीटल्सनाही रस होता. स्टिरिओ मिश्रण त्या मानाने झटपट उरकले गेले, आणि तेही त्यांच्या अनुपस्थितीत. दोहोंत केवळ आवाजाच्या दिशेचा फरक नाही. 'शीज लीव्हिंग होम' हे गाणे मोनो मिश्रणात अधिक वेगाने आणि वरच्या सुरात आहे, तर स्टिरिओत ते संथ आणि उतरलेले आहे. पुढे मोनो यंत्रे गेली, मोनो रेकॉर्डही गेल्या आणि जगाच्या कानात बसला तो घाईत झालेला स्टिरिओ पाठ.

देशपरत्वेही पाठ बदलले. अमेरिकेतील कॅपिटॉल कंपनी बीटल्सच्या सुरुवातीच्या अल्बममधील गाणी मागेपुढे करून वेगळ्याच नावांचे अल्बम काढत असे आणि काही गाण्यांना वरून प्रतिध्वनीची जोडही देत असे. आपल्याकडे ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाच्या कलकत्त्याजवळील दमदम येथील कारखान्यात बीटल्सच्या रेकॉर्ड छापल्या जात. मुंबई-पुण्यातील त्या पिढीच्या रसिकांना बीटल्स भेटले ते मुख्यतः या भारतीय छपाईतून आणि पुढे कॅसेटमधून. ज्याने जे प्रथम ऐकले तेच त्याचे मूळ. प्रथमश्रवणाची ही माया निवाड्यात फार मोठा वाटा उचलते, आणि ती मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कधी कधी मूळच चुकलेले असते. रोलिंग स्टोन्सचा 'बेगर्स बँक्वेट' हा १९६८ चा अल्बम मास्टर तयार होताना झालेल्या दोषामुळे किंचित संथ गतीने प्रसिद्ध झाला होता. २००२ च्या आवृत्तीत हा वेग दुरुस्त केला गेला. चौतीस वर्षे ज्यांनी तो संथ सुरात ऐकला, त्यांना दुरुस्त पाठ परका वाटला तर त्यात नवल नाही. वाचकाच्या जिभेवर रुळलेला अपपाठ आणि संशोधकाने सिद्ध केलेला शुद्ध पाठ यांतला हा जुनाच झगडा आहे.

पाठचिकित्सेचे शास्त्र या बाबतीत काय सांगते? वि. स. सुखटणकरांच्या संपादनाखाली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या आदिपर्वाची चिकित्सक आवृत्ती १९३३ साली पूर्ण केली. ही आवृत्ती व्यासांच्या मुखातील शब्द देते, असा दावा सुखटणकरांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे जितके मागे जाता येते तितके मागे जायचे आणि उरलेले पाठभेद तळटीपांत वाचकासमोर मांडायचे, ही त्यांची भूमिका होती. एक पाठ वर ठेवायचा, पण बाकीचे लपवायचे नाहीत, ही शिस्त ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात फार थोड्यांनी पाळली.

सीडी आली आणि दुरुस्तीची गरज भासली

१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात आली. सुई नाही, खाच नाही, खरखर नाही. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठा आवाज यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर सामावून घेण्याची तिची क्षमता. लाँगप्लेच्या सगळ्या मर्यादा एका झटक्यात संपल्या. तरीही सुरुवातीच्या अनेक सीडी पातळ, कोरड्या आवाजाच्या निघाल्या. याची कारणे माध्यमात कमी आणि कामाच्या पद्धतीत अधिक होती. कंपन्यांना आपली जुनी भांडारे घाईने नव्या माध्यमात आणायची होती. पहिल्या मास्टर फितीऐवजी तिच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीची नक्कल हाताशी आली तर तीच वापरली जाई. कित्येक फिती तर रेकॉर्ड कोरण्यासाठी खर्ज छाटून तयार केलेल्या होत्या. खाचेसाठी केलेली तडजोड खाच नसलेल्या माध्यमात जशीच्या तशी उतरली.

बीटल्सचे अल्बम सीडीवर आले ते १९८७ साली. पहिले चार मोनोत देण्यात आले. 'हेल्प!' आणि 'रबर सोल' या १९६५ च्या दोन अल्बमची स्टिरिओ मिश्रणे स्वतः जॉर्ज मार्टिन यांनी नव्याने केली. म्हणजे सीडीवर हे दोन अल्बम ऐकणाऱ्या पिढीने १९६५ चा स्टिरिओ पाठ ऐकलाच नाही. जिमी पेज यांनी जॉर्ज मरिनो या तंत्रज्ञासह लेड झेपेलिनची निवडक गाणी नव्याने मास्टर करून १९९० साली संचरूपाने प्रसिद्ध केली, आणि 'रीमास्टर' हा शब्द विक्रीचा मंत्र ठरत गेला. जुना अल्बम त्याच रसिकाला पुन्हा विकता येतो, ही जाणीव कंपन्यांना झाली.

मोठ्या आवाजाची स्पर्धा

मनुष्याचा कान सर्व स्वरांना सारखा प्रतिसाद देत नाही. बेल प्रयोगशाळेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की, आवाज हळू असताना खर्ज आणि अतितीव्र स्वर आपल्याला कमी जाणवतात. आवाज वाढवला की ते भरून येतात. याचा व्यावहारिक अर्थ असा की, तेच ध्वनिमुद्रण किंचित मोठ्याने वाजवले तर ते अधिक भरदार आणि अधिक स्पष्ट भासते. फरक एका डेसिबलहून कमी असला तर 'आवाज मोठा आहे' हे श्रोत्याला कळतही नाही. 'आवाज चांगला आहे' असेच त्याला वाटते. रीमास्टरच्या निवाड्यातील सर्वांत मोठा चकवा हाच आहे.

या चकव्याचा उपयोग नव्वदीच्या दशकात सर्रास झाला. डिजिटल लिमिटर नावाच्या साधनाने ध्वनीतील उंच टोके दाबायची आणि मग सगळाच आवाज वर उचलायचा. दोन सीडी एकापाठोपाठ लावल्या की नवी अधिक जोरकस वाटे. परंतु टोके दाबली म्हणजे ढोलावर पडणाऱ्या काठीचा पहिला आघात दाबला जातो, आणि हळू व मोठ्या आवाजातील अंतर नाहीसे होते. रॉक संगीतात या अंतराला आशयाचे मोल आहे. लेड झेपेलिनचे १९७१ मधील 'स्टेअरवे टू हेवन' हे आठ मिनिटांचे गाणे एकट्या गिटारच्या कुजबुजीपासून सुरू होते. ड्रम सुमारे निम्मी वाट सरल्यावर येतात, आणि मग गाणे चढत जाते. त्यातील 'चढणे' हे शब्दांत नाही, आवाजाच्या पातळीत आहे. कुजबुज आणि गर्जना एकाच पातळीवर आणली तर गाण्याची वाक्यरचनाच मोडते. विरामचिन्हे काढून आणि सगळा मजकूर ठळक अक्षरांत छापून कवितेची 'सुवाच्य' आवृत्ती काढावी, तसे ते होईल.

सामान्य श्रोत्यांच्या लक्षात ही गोष्ट आली ती २००८ साली, मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक' या नव्या अल्बमच्या वेळी. त्याची सीडी इतकी दाबलेली होती की आवाज जागोजागी फाटत होता. त्याच सुमारास तीच गाणी 'गिटार हीरो' या संगणकीय खेळासाठीही उपलब्ध झाली आणि तेथे ती मोकळी, श्वास घेणारी होती. दहा हजारांहून अधिक चाहत्यांनी अल्बम पुन्हा मास्टर करावा अशी मागणी करणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. एकाच कृतीचे दोन पाठ एकाच वेळी हाती असल्यामुळे तुलना शक्य झाली, ही या प्रसंगातील महत्त्वाची गोष्ट.

लेखकाचा अधिकार, मालकाचा अधिकार

येथे एक आक्षेप संभवतो. कलावंताला स्वतःलाच तसा आवाज हवा असेल तर? 'रॉ पॉवर' या स्टूजेसच्या १९७३ मधील अल्बमचे मिश्रण मुख्यतः डेव्हिड बोवी यांनी केले होते. ते पातळ आणि विचित्र आहे अशी तक्रार कायम होती. गायक इगी पॉप यांनी स्वतः त्याचे नवे मिश्रण केले आणि ते १९९७ साली प्रसिद्ध झाले. ते मुद्दाम इतके चढवलेले आहे की आवाज जवळजवळ सतत फाटलेला राहतो. कलावंताच्या इच्छेला प्रमाण मानायचे तर हाच अंतिम पाठ. परंतु १९७३ साली ज्या अल्बमने पुढच्या पंक पिढीला घडवले, तो बोवी यांचा. तो २०१० साली पुन्हा प्रसिद्ध करावा लागला. लेखकाची अखेरची इच्छा आणि कृतीचा ऐतिहासिक परिणाम यांपैकी कशाला प्रमाण मानायचे, हा साहित्याच्या संपादकाला परिचित असलेला पेच येथे जसाच्या तसा उभा राहतो.

याहून गंभीर प्रकार आहेत. झीझी टॉप या टेक्सासमधील त्रयीचे सत्तरच्या दशकातील अल्बम १९८७ साली सीडीवर आले, तेव्हा त्यांतील ड्रमचा आवाज त्या काळच्या यांत्रिक फॅशनप्रमाणे बदलून, वर प्रतिध्वनी चढवून नवी मिश्रणे करण्यात आली. १९७३ चा 'ट्रेस ओम्ब्रेस' त्याच्या मूळ मिश्रणात सीडीवर मिळायला २००६ साल उजाडावे लागले. ऑझी ऑसबोर्न यांच्या पहिल्या दोन एकल अल्बमच्या बाबतीत तर बॉब डेझ्ली आणि ली कर्सलेक या वादकांशी मानधनावरून वाद चालू असताना, २००२ च्या आवृत्तीत त्यांचे बास आणि ड्रम काढून टाकून दुसऱ्या वादकांकडून ते नव्याने वाजवून घेण्यात आले. २०११ साली मूळ वादन परत आले. ज्याने २००२ ची आवृत्ती विकत घेऊन 'ड्रमचा आवाज आता किती छान येतो' असे म्हटले असेल, त्याचा कान चुकला नव्हता. त्याने ज्याचा निवाडा केला ती वस्तूच निराळी होती.

संयमाचे एक उदाहरण

९ सप्टेंबर २००९ रोजी बीटल्सचे सर्व अल्बम नव्याने मास्टर होऊन प्रसिद्ध झाले. लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओतील तंत्रज्ञांचा एक गट त्यावर चार वर्षे काम करत होता. फितींची उच्च क्षमतेची डिजिटल नोंद घेताना प्रत्येक गाण्यानंतर यंत्र साफ केले जाई. फितीची सळसळ काढून टाकणारे तंत्र हाताशी होते, परंतु एकूण ५२५ मिनिटांच्या संगीतापैकी पाच मिनिटांहूनही कमी भागावर ते वापरले गेले. कारण सळसळ ज्या स्वरपट्ट्यात असते त्याच पट्ट्यात झांजेचा विरत जाणारा नाद असतो, गायकाचा श्वास असतो आणि स्टुडिओच्या भिंतींतून परतणारी हवा असते. एक काढायला जावे तर दुसरेही जाते. स्टिरिओ संचात काहीसे लिमिटिंग केले गेले, मोनो संचात ते केलेच नाही. मोनो संचात 'हेल्प!' आणि 'रबर सोल' यांची १९६५ मधील स्टिरिओ मिश्रणेही जोडली गेली. म्हणजे १९८७ साली झाकलेला पाठभेद तळटीपेसारखा पुन्हा समोर आला. हे काम निर्दोष आहे असे नाही. स्टिरिओ संच अजूनही थोडा अधिक दाबलेला आहे असे म्हणणारे जाणकार आहेत. परंतु काय केले आणि काय टाळले हे सांगण्याची जी वृत्ती येथे दिसते, ती संपादकाची आहे.

निवाडा करावा कसा?

आता मुख्य प्रश्न. दोन आवृत्त्यांपैकी चांगली कोणती, हे कसे ठरवावे? पहिली अट अशी की, दोन्हींची पातळी समान करावी. मापकाच्या साहाय्याने ती डेसिबलच्या अंशापर्यंत जुळवल्याशिवाय केलेली तुलना म्हणजे केवळ आवाजाच्या मोठेपणाची स्पर्धा. दुसरी अट अशी की, कोणती आवृत्ती वाजत आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक नसावे. नाव, किंमत आणि वेष्टन हे कानाआधी निर्णय देतात.

दुसऱ्या अटीचे महत्त्व पटवणारे दोन दाखले अलीकडच्या इतिहासात आहेत. २००७ साली मेयर आणि मोरन या दोन अभ्यासकांनी ध्वनिअभियंत्यांच्या अमेरिकेतील प्रतिष्ठित नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सीडीपेक्षा किती तरी अधिक क्षमतेच्या डिस्कचा आवाज आणि तोच आवाज सीडीच्या मर्यादेतून गाळून, असे दोन पर्याय ऐकवून श्रोत्यांना ते ओळखायला सांगण्यात आले. ५५४ प्रयत्नांपैकी २७६ बरोबर आले, म्हणजे नाणे उडवले असते तरी हेच उत्तर मिळाले असते. मात्र त्यांनीच एक गोष्ट आवर्जून नोंदवली आहे. या उच्च क्षमतेच्या डिस्क बहुतेक सीडींपेक्षा सरस वाटत होत्या, पण त्याचे कारण त्यांच्या मास्टरिंगमधील काळजी हे होते. मोकळेपणा माध्यमाने दिलेला नव्हता, माणसाने दिलेला होता.

दुसरा दाखला २०२२ चा. मोबाइल फिडेलिटी ही अमेरिकन कंपनी जुन्या अल्बमच्या महागड्या रेकॉर्ड काढण्यासाठी विख्यात आहे. मूळ फितीपासून रेकॉर्डपर्यंत कोठेही डिजिटल टप्पा नाही, अशी तिच्या ग्राहकांची समजूत होती. त्या वर्षी उघड झाले की, बऱ्याच रेकॉर्डच्या निर्मितीत डिजिटल नोंदीचा टप्पा होता. प्रकरण न्यायालयात गेले आणि सुमारे अडीच कोटी डॉलरची तडजोड झाली. ग्राहकांची फसगत झाली हे खरेच, आणि त्यांना सत्य सांगितले जायला हवे होते. परंतु 'डिजिटलचा स्पर्श झाला की मला लगेच कळते' असे सांगणाऱ्या कित्येक कसलेल्या कानांनी याच रेकॉर्डना शुद्धतेचा नमुना म्हणून गौरवले होते, हेही तितकेच खरे. येथे कानाने चूक केली नव्हती, आवाज उत्तमच होता. चूक त्या उत्तमपणाचे कारण सांगताना झाली.

तिसरी अट भाषेची आहे, आणि ती साहित्याच्या विद्यार्थ्याच्या कक्षेत येते. ध्वनीच्या समीक्षेत 'उबदार', 'मोकळा', 'जिवंत', 'थंड' अशी विशेषणे फार चालतात. ती निषिद्ध नाहीत, पण त्यांना पाठातील आधार हवा. 'ही कविता तरल आहे' असे लिहून थांबणाऱ्या विद्यार्थ्याला आपण 'कोठे आणि कशामुळे?' असे विचारतो, तेच येथेही विचारावे. झांजेचा नाद कापल्यासारखा थांबतो की विरत जातो? ड्रमवरील पहिला आघात सुटा ऐकू येतो की गिटारच्या भिंतीत दबतो? गायकाने श्वास घेतलेला कळतो का? कडव्याकडून ध्रुवपदाकडे जाताना आवाज खरोखर वाढतो का? खर्जातील स्वर वेगळे ओळखू येतात की नुसते गुरगुरतात? अर्धा तास ऐकल्यावर आणखी ऐकावेसे वाटते की कान थकतो? या प्रश्नांची उत्तरे दोन श्रोत्यांना परस्परांत पडताळून पाहता येतात, आणि तेथेच आवडीचे रूपांतर समीक्षेत होऊ लागते.

पुढचा प्रश्न

आज बहुतेक श्रोते संगीत ऐकतात ते इंटरनेटवरील सेवांतून. स्पॉटिफायसारख्या सेवा निरनिराळ्या गाण्यांची पातळी आपोआप समान करतात. त्यामुळे दाबून मोठा केलेला आवाज तेथे पुन्हा खाली आणला जातो. त्याचा मोठेपणा जातो आणि दाबलेपणा तेवढा उरतो. स्पर्धेचे कारण संपले, तिच्या खुणा मात्र आवृत्त्यांत राहिल्या. अशा सेवेत एका अल्बमची बहुधा एकच आवृत्ती पुढे केलेली असते आणि ती सहसा सर्वांत नवी असते. जुनी आवृत्ती केव्हा मागे पडली हे कळतही नाही. ग्रंथालयातील जुनी प्रत कपाटात तरी सापडते. येथे कपाट दुसऱ्याच्या मालकीचे आहे.

भरीस भर, पाठ बदलण्याची ताकद वाढली आहे. बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर' या १९६६ मधील अल्बमची नवी मिश्रणे २०२२ साली जाइल्स मार्टिन यांनी केली. मूळ चार पट्ट्यांच्या फितीत एकाच पट्टीवर एकत्र झालेली वाद्ये संगणकाने शिकून सुटी केली आणि मग ती नव्या जागी ठेवता आली. १९६६ साली जे शक्यच नव्हते ते आता शक्य आहे. म्हणून ते गैर ठरत नाही, ऐकायला ते आनंददायीही आहे. परंतु 'असे वाजले होते' आणि 'असे वाजू शकले असते' यांतील सीमा यापुढे केवळ कानाने ओळखता येणार नाही. ती नोंदींवरूनच कळेल. आणि ज्या फितींवरून पडताळा घ्यायचा, त्याही अमर नाहीत. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत तेथे साठवलेल्या मास्टर फिती जळाल्या. नुकसान किती झाले यावर वाद आहे, फिती गेल्या यावर नाही.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली तेव्हा त्यांच्यासमोरही अनेक पाठ होते. त्यांच्या शुद्धीकरणामुळे ग्रंथ टिकला, आणि त्यापूर्वीचा पाठ कसा असेल हे शोधत अभ्यासक पुढे कित्येक वर्षे हस्तलिखिते धुंडाळत राहिले. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. चांगला संपादक आपल्याला ग्रंथ देतो. मागचे पाठ जपून ठेवणारा आपल्याला तो संपादक पारखण्याचे साधन देतो. रॉक संगीताच्या बाबतीत हे दुसरे काम आजवर मुख्यतः हौशी संग्राहकांनी केले आहे. रेकॉर्डच्या मध्यावरील आद्याक्षरे वाचणारे आणि आवृत्त्यांच्या याद्या करणारे हे लोक बाहेरून विक्षिप्त दिसतात. पाठचिकित्सा शिकलेल्या माणसाला ते तसे वाटण्याचे कारण नाही. विद्यापीठांनी आणि ग्रंथालयांनी हे काम आपले मानले, तर पुढच्या पिढीतील श्रोता 'आवाज कसा आहे?' असे विचारताना 'कोणता आवाज?' असेही विचारू शकेल, आणि त्याचे उत्तर शोधायला त्याच्याजवळ प्रती असतील.